फाटक कुणाला हवं होतं?

जळगावच्या आमच्या गल्लीतल्या अक्का बाजाराला निघाल्या, की कुलूप ओढून बघायच्या आणि मोठ्यानं ओरडायच्या, "मी बजारमा जाई ऱ्हायनी, घरकडे ध्यान ठेवजा!"

"अक्का, चोराला कशाला आयतं सांगता?" मी एकदा विचारलं.

"त्याले बी समजू दे, गल्ली जागी शे!"

पासष्ट-सहासष्टच्या सुमारास गल्लीत भरदुपारी दोन घरं फुटली. मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. डाळ मिलवाले शेठ म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावू. किल्ली एकाकडेच ठेवू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. अवेळी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर किल्लीवाल्याला कुठं शोधायचं, ही धास्ती मनात होती. पण एवढ्या जणांपुढं नाही कसं म्हणायचं?

अक्कांनी पदर सावरला. "बठ्ठा जन डोया मिटा. जेले फाटक नको शे, त्यानी हात वर करा."

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे डोळे मिटले. मी हळूच हात वर केला.

"आते डोया उघाडा. हात तसाच ऱ्हाऊ द्या."

बघतो तर सगळ्यांचे हात वर! शेठचासुद्धा.

"मला वाटलं, तुम्हालाच हवंय," शेठ ओशाळून म्हणाले, आणि आम्ही पोट धरून हसलो.

"चला," अक्का म्हणाल्या, "आते बैठक सुरू करूत."

मग तासभर कडाकडा भांडून आम्ही दुपारच्या पहाऱ्याच्या पाळ्या ठरवल्या. त्या मात्र सगळ्यांनी पाळल्या.