चार फूट आठ इंच

आत्या सकाळी उठली की चहाचं आधण ठेवण्याआधी खुंटीवरची टेप गळ्यात अडकवायची. एकवीस वर्षं तिने कपडे शिवले होते. पुढे लोकांनी तिला निवडून दिलं, ती सभागृहात जाऊन बसली, पण हाताला ते कोणी सांगितलं नसावं. सभागृहाच्या फाटकावरचा पहारेकरी तिला रोज अडवायचा.

"ताई, टेप."

"अगं बाई!" म्हणत ती टेप गुंडाळून पिशवीत टाकायची. पाच वर्षांत दोघांपैकी एकालाही या बोलण्याचा कंटाळा आला नाही. कापडी टेप वापरून वापरून ताणते, म्हणून दरवर्षी ती नवी घ्यायची आणि जुनीचे कात्रीने चार तुकडे करायची, कोणी चुकून वापरू नये म्हणून.

विधेयक ती मागून वाचायची. "सदरा कसा शिवलाय ते उलटा केल्याशिवाय कळत नाही," ती म्हणायची. पहिल्या पानावर हेतू असतो, तो सगळ्यांचा चांगलाच असतो. शिवण असते शेवटच्या पानावर, तक्त्यात, बारीक अक्षरात. मी तेव्हा कॉलेजसाठी तिच्याकडे राहत होते. जेवणाच्या टेबलावर ताटांच्या बरोबरीने विधेयकं पसरलेली असायची आणि काका, म्हणजे आत्याचे यजमान, आमटीचं भांडं कुठे ठेवायचं म्हणून ते हातात घेऊन उभे असायचे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती.

त्या आठवड्यात नावांचं, म्हणजे होड्यांचं, विधेयक आलं. आदल्या वर्षी दूर कुठे दोन नावा उलटून माणसं गेली होती, म्हणून प्रवासी नावांसाठी कडक नियम हवे होते. आत्यालाही ते हवे होते. सोमवारी सकाळी तिने शेवटचं पान उघडलं आणि तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. प्रवासी नावेची रुंदी किमान पाच फूट.

तिच्या भागात नदी होती. पलीकडच्या काठावर वस्ती, अलीकडे शाळा, आणि पूल खाली अकरा किलोमीटरवर. मधे एकच वल्ह्याची नाव. रोज चौतीस मुलं तिच्यातून शाळेत यायची.

आत्याच्या कचेरीत सोमवारी लोक भेटायला येत. गटार, दाखला, बदली, कोणाचा जावई, कोणाची भिंत. त्या रांगेत शेवटी नावाडी उभा होता. अंगाने आडवा, बोलायला संथ.

"ताई, ऐकतोय ते खरं का? नाव ओढून काठावर ठेवावी लागणार?"

"तुमची नाव किती रुंद आहे?"

"पाच फूट. वडलांनी बांधली. ते पाचच म्हणायचे."

"मग कशाला घाबरता? बसते ती नियमात."

नावाडी हसला आणि जाताना तिच्या टेबलावर दोन लिंबं ठेवून गेला.

मंगळवारी समितीपुढे तीन सुनावण्या होत्या. पहिली शाळांच्या छपरांची, दुसरी बाजारातल्या वजनकाट्यांची, तिसरी नावांची. लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर दहा मिनिटं मागे पडलेलं घड्याळ. चार वाजेपर्यंत सगळ्यांचे डोळे जड झाले होते.

"पाच फुटांहून अरुंद प्रवासी नाव आमच्या नोंदीत एकही नाही," जलवाहतूक खात्याचे अधिकारी म्हणाले.

"तुमच्याकडे एक नाव आहे ना, ताई?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"पाच फूट आहे," आत्या म्हणाली.

कारकुनाने लिहून घेतलं: सदस्यांची हरकत नाही.

संध्याकाळी ती जेवताना मधेच थांबली. घास हातातच राहिला.

"अहो, मी आज ऐकीव मापावर कापड कापलं."

"कोणाचं?" काकांनी विचारलं.

"चौतीस मुलांचं. मी मोजलंच नाही. तो म्हणाला पाच, मी म्हणाले पाच. दुकानात एखाद्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला दिवसभर काजं करायला बसवलं असतं."

"माझ्या सदऱ्याचं बटण आठ दिवस तुटलंय," काका म्हणाले. "ते तर मोजायचंही नाही."

आत्या हसली नाही. बुधवारी पहाटेच्या पहिल्या बसने ती नदीवर निघाली आणि मीही तिच्याबरोबर गेले. नदी त्या वेळी अगदी गप्प होती. पाणी आहे की धुकं, हे हात घातल्यावरच कळावं असं. नाव खुंट्याला बांधलेली. आत्याने चपला काढल्या, नावेत उतरली आणि मधोमध, जिथे नाव सगळ्यात रुंद होती तिथे, नावेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप लावली.

चार फूट आठ इंच.

नावाडी वाकून आकड्याकडे बघत राहिला. "परत मोजा."

तिने परत मोजली. मग टेपचं टोक त्याच्या हातात देऊन तिसऱ्यांदा मोजली.

"कापड असतं तर ओढून काढले असते चार इंच," ती म्हणाली. "लाकूड ओढत नाही हो."

"वडील खोटं बोलायचे नाहीत."

"खोटं नाही. त्यांनी अंदाजाने सांगितलं असेल, आणि आपण दोघांनी ते लिहून घेतलं."

त्याने वल्ह्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही समितीत पाच सांगितलंय ना? राहू द्या की तसंच. चार इंच कोण बघायला येतंय?"

"तपासनीस येईल. नाही आला तरी, ही नाव कधी कलंडली तर लोक तुम्हाला विचारतील, किती रुंद होती? आणि तुम्ही म्हणाल, ताई पाच म्हणाल्या होत्या." तिने टेप गुंडाळली. "किती माणसं घेता एका खेपेला?"

"चौदा. बाजाराच्या दिवशी सोळा."

"सोळा!" आत्याचा आवाज इतका चढला की काठावरचा बगळा उडाला. "अहो, माणसं आहेत की शेंगा?"

तिथेच बसून, गुडघ्यावर कागद ठेवून तिने दुरुस्ती लिहिली. पाच फुटांहून अरुंद, पण साडेचार फुटांहून कमी नसलेल्या वल्ह्याच्या नावेला परवाना मिळावा, पण एका वेळी आठच माणसं. नावाड्याने ती वाचली आणि तोंड वाकडं केलं.

"आठ म्हणजे माझ्या खेपा दुप्पट."

"हो. तुमचे हात दुखतील. पण नाव चालू राहील."

गुरुवारी दुरुस्तीची सूचना वेळेत दाखल झाली आणि अर्ध्या तासात पक्षाच्या प्रतोदांचं बोलावणं आलं. मतदानाला माणसं गोळा करून रांगेत उभी करायची, हे त्यांचं काम.

"ताई, मंगळवारी समितीत हो म्हणालात. आज दुरुस्ती? आपल्याच सरकारच्या विधेयकाला?"

"मंगळवारी मी चुकले."

"मग चूक पोटात घाला. मंत्री उद्या आश्वासन देतील, नियम करताना विचार करू म्हणतील. तुम्ही उठून दुरुस्ती मागे घ्यायची. रीतच आहे ती. आजवर सगळ्यांनी घेतल्यात."

"आणि नाही घेतली तर?"

प्रतोदांनी कॅलेंडरकडे बघितलं. निवडणुकीला सात महिने होते. "उमेदवार पक्ष ठरवतो, ताई. तुम्हाला मी नवीन काय सांगायचं?"

त्या संध्याकाळी तिने काकांच्या सदऱ्याचं बटण लावलं. चांगले सहा टाके घालून. सदरा घालून काका आरशासमोर उगाच जास्त वेळ उभे राहिले.

शुक्रवारी मी प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. वरून सभागृह एखाद्या मोठ्या वर्गासारखं दिसायचं. मागच्या बाकावर एक म्हातारे डॉक्टर सदस्य नेहमीसारखे डुलक्या घेत होते. मंत्र्यांनी आश्वासन दिलं, अगदी प्रतोदांनी सांगितलेल्याच शब्दांत. अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांनी दुरुस्ती मागे घेतली असं धरू?"

आत्या उठली. "नाही, अध्यक्ष महाराज. मंगळवारी समितीत मी या नावेचं माप पाच फूट सांगितलं. ते मी मोजलं नव्हतं. बुधवारी मोजलं. चार फूट आठ इंच भरलं." आणि बोलता बोलता तिने पिशवीतून टेप बाहेर काढली.

"सदस्यांनी सभागृहात वस्तू दाखवू नयेत," अध्यक्ष म्हणाले.

"ठेवते. सवय आहे." सभागृह हसलं. तीही हसली, मग थांबली. "चूक माझी आहे. तिची शिक्षा पलीकडच्या मुलांना नको. नियम कडक करा, मी तुमच्या बाजूने आहे. पण मोजून करा."

तोंडी मतात 'नाही'चा आवाज मोठा निघाला. आत्या पुन्हा उठली आणि तिने मतविभागणी मागितली, म्हणजे एकेक डोकं मोजायचं. घंटा वाजल्या, दारं बंद झाली. विरोधी बाकं दुरुस्तीच्या बाजूने उभी राहिली. आमच्या बाजूची आत्या एकटीच उभी होती. मग ते म्हातारे डॉक्टर जागे झाले, शेजाऱ्याला काहीतरी विचारलं आणि बाकाचा आधार घेत उठले. त्यांच्याकडे बघून आणखी दोघं उठले. प्रतोद मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले.

एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न. दुरुस्ती मंजूर झाली.

निवडणूक आली, पक्षाच्या उमेदवारांची यादी लागली. तिच्यात आत्याचं नाव नव्हतं. तिने दुकानाचं कुलूप काढलं, मशीनला तेल घातलं आणि पहिल्या दिवशी चार सदरे कापले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मुलीच्या शाळेचा झगा तिच्याकडेच शिवायला टाकला. कोणी हळहळायला आलं तर ती म्हणायची, "अहो, इथे टेप गळ्यात घालून बसता येतं."

पुढची नऊ वर्षं ती शाळेचे गणवेश शिवत राहिली आणि मापं घ्यायला दरवर्षी नदीपलीकडे जात राहिली. शेवटच्या वेळी मी बरोबर होते. त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या, ती गेली. पण नदीवरच्या त्या शेवटच्या दिवशी ऊन छान होतं. नावेच्या बाजूवर पांढऱ्या रंगात मोठा आठ लिहिलेला होता. नावाडी वल्ही हातात घेऊन बसला होता.

"ताई, तुमच्या या आकड्याने माझे खांदे गेले," तो म्हणाला. "निघू का?"

आत्याने मान वळवून माणसं मोजली. काठावरून दोन मुली दप्तरं सावरत धावत येत होत्या.

"थांबा, सहाच झालोत," ती म्हणाली, आणि मला कोपराने ढोसलं. "सरक जरा. अजून दोघी बसतील."