व्हायरसबाई

येडशीच्या राजेश्वरीनं धाराशिवच्या एका सरकारी ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून अकरा वर्षं काढली. चौदा कॉम्प्युटर एकाच नेटवर्कला जोडलेले, आणि त्यांत विधवा-निराधारांचे हजारो अर्ज. अनोळखी ईमेलला जोडलेली फाईल उघडू नका, असं ती ज्याला त्याला बजावायची. प्रत्येक स्क्रीनखाली तशी चिठ्ठीही चिकटवली होती. लोक पाठीमागं तिला ‘व्हायरसबाई’ म्हणायचे. अँटीव्हायरसची मुदत संपून वर्ष झालं होतं. नव्यासाठी तिनं तीनदा लेखी दिलं, पण एकही कागद हेडक्लार्क अंबादासरावांच्या टेबलावरून पुढं सरकला नाही.

“आजवर काय झालंय का बाई?” ते म्हणायचे.

एका सोमवारी अंबादासरावांना मेल आला: ‘बदल्यांची सुधारित यादी’. त्यांनी घाईनं फाईल उघडली. यादी दिसलीच नाही. उलट त्यांच्या सगळ्या फाईलींची नावं भलतीच झाली, एकही उघडेना. शेजारच्या टेबलांवरही ओरड सुरू झाली. राजेश्वरी धावत आली, स्क्रीन बघितला आणि कुणाला न विचारता नेटवर्कच्या सगळ्या वायरी उपटून टाकल्या.

पाच कॉम्प्युटर गेले, नऊ वाचले. दर शनिवारी ती सगळ्या अर्जांची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायची. त्यावरून तिनं गेलेले अर्ज आठवड्यात परत उभे केले.

मग चौकशी लागली. मेल ऑपरेटरच्याच कॉम्प्युटरवर उघडला, असं अंबादासरावांनी लिहून दिलं. कुठून सुरुवात झाली ते त्यांच्या कॉम्प्युटरात दिसेल, असं ती म्हणाली. पण तो त्यांनी आधीच पुसून कोरा करून घेतला होता.

“परवानगीशिवाय वायरी का काढल्या?” चौकशीला बसलेल्या साहेबांनी तिला विचारलं. “ऑफिस दोन दिवस बंद पडलं!”

मेल उघडला तेव्हा शिपाई सिदू अंबादासरावांच्या खुर्चीमागंच चहा घेऊन उभा होता. जिन्यात तिनं त्याला गाठलं.

“सिदूभाऊ, तुमी बघितलंय. खरं तेवढं सांगा.”

त्यानं मान खाली घातली. “ताई, मला त्यांच्याच हाताखाली राहायचंय.”

मार्चअखेर तिचं कंत्राट संपलं, ते पुढं वाढलं नाही. अर्ज सुरक्षित ठेवल्याबद्दल अंबादासरावांचा सत्कार झाला, पेपरात फोटो आला. येडशीत मात्र वेगळंच पसरलं होतं. एका सकाळी तिच्या वडलांनी, दगडोबांनी, तो पेपर तिच्यापुढं टाकला.

“लोकं म्हणत्यात, तू हापिसातले कॉम्प्युटर बिघडवले.”

“न्हाय आण्णा. म्या वाचवले.”

“मग तुला काढलं कशापायी?”

राजेश्वरीनं पेपरची घडी घातली. दगडोबा चपला पायांत सरकवून रानाकडं निघून गेले.