पट्टी लावून पुरा केलेला मी

लाज वाटते तेच लिहितोय. शाळा सातवीपर्यंत, तेव्हा सांभाळून घ्या.

बायको जाऊन सात महिने झाले. इथं लंडनमध्ये, हॅरोला दर मंगळवारी ती चित्रकलेच्या क्लासला जायची. मी म्हणायचो, या वयात रांगोळी पुरे की.

एकदा तिनं आमच्या किचनचं चित्र आणलं. मधे रिकामं टेबल, खिडकीत प्लमच्या झाडाची फांदी, आणि अगदी कडेला चहा पिणारा मी. तोही अर्धाच. एक कान, एक खांदा, बाकीचा कागदाबाहेर.

"अहो, कसं वाटतं?"

"खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत. पुरा कर मला."

"टीचर म्हणाल्या, तेच छान जमलंय."

"मग टीचरच्या भिंतीवर लाव."

दुसऱ्या दिवशी कडेला कागदाची पट्टी चिकटवून तिनं माझं उरलेलं अंग काढलं. तेव्हा कुठं मी खिळा मारला. पुढच्या मंगळवारी तिचे गुडघे दुखायला लागले आणि क्लास सुटला. गुडघे कसले, मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या महिन्यात नातीनं मला एका प्रदर्शनाला नेलं. एकीकडे जपानी छापील चित्रं, शेजारी फ्रेंच चित्रकारांची. जपानी चित्रात बाई कडेला कापलेली, झाडाला शेंडा नाही, मधे मोकळी जागा. शेजारच्या फ्रेंच चित्रात घोडा अर्धा, माणूस अर्धा.

"हे असं का सोडलंय?"

"मुद्दाम, आजोबा. जपानी प्रिंट्स पॅरिसला आले ना, ते बघून फ्रेंच पेंटर्स असं शिकले. आजीच्या क्लासमध्ये पण हेच होतं. तिने मला सगळं सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं होतं?"

मी बाकावर बसलो. गुडघे दुखतात म्हणालो.

घरी येऊन पट्टी काढायला घेतली. किटलीची वाफ दिली, सुरीचं टोक घातलं. निघेना. तिचं कुठलंच काम कच्चं नसायचं, गोंद पार काठापर्यंत लावलेला. जोर केला तर मूळ चित्रच फाटेल म्हणून थांबलो.

परत भिंतीवर लावलंय. पट्टी हातानं झाकली की नजर टेबलावरून सरळ फांदीवर जाते. हात काढला की आधी मीच दिसतो.