आडकाठी सरांनी अडवलेली मुळी

सरांना कोणी उत्साहाने काही सांगायला गेलं, की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "हे दुसऱ्या कशानं झालं नसेल कशावरून?" एसटी चुकली म्हणून उशीर झाला असं सांगणाऱ्यालाही ते तोच प्रश्न विचारत. नगरच्या आमच्या कॉलेजात जीवरसायन शिकवणाऱ्या या किडकिडीत माणसाला पोरांनी 'आडकाठी सर' म्हणावं यात नवल नव्हतं. त्यांच्या कानावरही ते गेलं होतं. "बरोबर आहे की," म्हणाले, "माझा विषयच अडवण्याचा."

तो विषय म्हणजे मण्यारीचं विष. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो आणि तिथल्या बारीक दारांतून आत शिरतो. हे विष नेमकं त्या दारांत ठाण मांडून बसतं. माणसाला सगळं कळत असतं, पण पापणी उचलवत नाही, पुढे श्वासही थांबतो. या अडवणाऱ्याला अडवणारं काही सापडतं का, हे सर शोधत होते. ते शिकवताना त्यांचा आवाज कोरडा व्हायचा.

त्याचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. सर शाळेत असताना, शेवगावकडच्या त्यांच्या गावी धाकट्या भावाला मण्यार चावली होती. गावात एक मुळी उगाळून पाजायची रीत होती. आई ती आणायला रानात धावली, आणून पाजली, तरी मुलगा गेला. आपल्याला उशीर झाला, हे आईच्या मनाने घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून ती मुळी घरातच ठेवू लागली, दुसऱ्या कोणाला उशीर होऊ नये म्हणून. साप चावला की अजूनही लोक आधी तिच्या दारी येत. सर तीच मुळी तपासत होते. ती खरी ठरावी असं या संशयी माणसाला मनापासून वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय याचीच त्यांना भीती होती.

एकदा ते आम्हाला शेजारच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे उजेड मोजायच्या यंत्रावर आधी काळं कापड टाकून आकडा घेत होते. उजेड पुरता अडवला तरी आकडा शून्यावर येईना. "बघा," सर खूश होऊन म्हणाले, "एवढा आकडा यंत्राचा स्वतःचा. आपल्या मनाचाही असतो. तो आधी वजा करायचा." आम्ही माना डोलावल्या आणि चहाला पळालो.

आमचा प्रयोग दिसायला साधा होता. प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा वाट्यांत तळाला त्या दारांचं प्रथिन लावलेलं असे; विष त्याला चिकटलं, की पिवळा रंग यायचा. एका दुपारी मुळीचा रस घातलेल्या वाट्यांत रंग आलाच नाही. विष अडलं होतं! आम्ही पोरींनी उड्या मारल्या, प्राचार्य वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायला निघाले. सर मात्र स्टुलावर बसून चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी त्यांनी कोणालाही आपला ठरलेला प्रश्न विचारला नाही. मला त्यांच्याबद्दल तेव्हा फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी ते केडगावहून पिशवीत बाभळीची साल घेऊन आले. ती उकळून तिचा काढा त्यांनी तशाच वाट्यांत घातला. रंग आला नाही. मग विषाचा संबंधच नसलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मुळीचा रस घालून पाहिला. तिथेही रंग मेला.

"बाभळीसारखाच तुरट रस आहे," सर म्हणाले. "समोर येईल त्या प्रथिनाला धरून बसतो. विष कुठलं, काय, त्याला ओळख नाही. आणि पाजला तर तो त्या दारांपर्यंत पोचणारही नाही."

प्राचार्य चिडले, पण बातमी थांबली. त्या रविवारी सर मला म्हणाले, "तू शेवगावची ना? चल माझ्याबरोबर. आईला मला एकट्यानं सांगवणार नाही."

आई अंगणात शेंगा फोडत होत्या. सरांनी खाली बसून सगळं सांगितलं.

"म्हंजी येळंवर दिली असती तरी?" आईंनी विचारलं.

"तरी न्हाई, आई. तुला उशीर झालाच नव्हता."

आईंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायला पायजे हुतं व्हय?"

"गाडी कुठं होती तवा?"

"बैलगाडी हुती," आई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. नगर आल्यावर एवढंच म्हणाले, "सांगायला नको होतं का गं?" मला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं, एका म्हातारीला तिचा समज राहू दिला असता तर काय बिघडलं असतं?

पुढे सर निवृत्त झाले, त्या निरोपसमारंभाला आई आल्या होत्या. भाषणं चालू असताना माझ्या शेजारी बसून हळूच सांगू लागल्या, "मागं ऊसतोडीची एक बाई आनली हुती, मण्यार चावलेली. मुळी मागत हुते. मी उंबऱ्यात आडवी बसले. म्हनलं, न्हाई द्यायची, टेम्पो काढा आन् दवाखाना गाठा. लई शिव्या दिल्या मला."

"मग?"

"वाचली की. लेकराला घिऊन पाया पडाया आल्ती." त्यांनी व्यासपीठावरच्या सरांकडे पाहिलं. "ह्याला फोन करून सांगितलं, तर ह्यो लई येळ नुसता रडत हुता."