पेंटरमामांचा खंड्या

पेंटरमामा कुणालाही माफ करत नसत, आणि हे ते छाती काढून सांगत. "माफी देवानं करावी ताई. त्याला फुरसत हाय. आपल्याला रोज काम हाय."

गंगाखेडला स्टँडजवळ माझं शिलाईचं दुकान, शेजारी त्यांचं पत्र्याचं शेड. एका हॉटेलवाल्यानं त्यांना वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात चहा दिला. मामांनी तो तसाच टेबलावर सोडला आणि त्याचा बोर्ड पुन्हा कधी रंगवला नाही. गावातले बाकीचे पेंटर मामांच्या हाताखाली शिकलेले. बारा वर्षं त्या हॉटेलाला नाव नव्हतं! नामांतराच्या घोषणा भरदिवसा भिंतीवर लिहून खाली सही ठोकणारे हेच. पोलीस विचारायला आले तर म्हणाले, "नाव लिवलंय की खाली. मंग इचारता कशाला?"

आमच्या गावात एक चित्रकार साहेब होते. मोठं घराणं, गोड जीभ. त्यांना आपल्या चित्रांचा अल्बम करायचा होता. वर स्वतःचं चिन्ह, आत पानोपानी नक्षी, वळणदार अक्षरं. आले मामांकडे. मामा महिनाभर त्यात बुडाले. कमळ काढलं, फाडलं. मोर काढला, फाडला. "मोर समदेच काढतेत." मग दोन दिवस गोदावरीच्या काठावर जाऊन बसले आणि ब्रशवर बसलेला खंड्या घेऊन आले. चार फटकाऱ्यांत पक्षी, चोचीत निळा थेंब. मी मशीन थांबवून बघतच राहिले.

ते सही करणार तोच साहेब म्हणाले, "अल्बमवर सही बरी दिसत नाही हो. मी चारचौघांत तोंडानं तुमचं नाव घेईन." मामांनी जन्मात एकदाच सही गाळली, ती ही.

साहेबांच्या प्रदर्शनाला मामा मी शिवलेला नवा सदरा घालून गेले. पाहुण्यांनी खंड्याची तारीफ केली. साहेब माइकवर म्हणाले, "मुंबईच्या एका मित्रानं करून दिलं." मामा आणि मी शेवटच्या रांगेत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मामा, त्याच्या डोक्यावर टर्पेंटाइन ओता!"

"ते उडून जातंय, ताई," मामा म्हणाले. "जरा दम धरा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खंड्या वाटायला सुरुवात केली. फुकट! पिठाच्या गिरणीवर खंड्या, सलूनवर खंड्या, माझ्या दुकानाच्या दारावर खंड्या. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फळ्यांवर खंड्याच खंड्या, आणि प्रत्येकाखाली मामांची ठसठशीत सही. मुंबईचे पाहुणे साहेबांकडे आले आणि रेल्वे फाटकात त्या गाड्यांमागे अर्धा तास अडकले. साहेबांना काय काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे. मी त्या दिवशी पेढे वाटले.

संध्याकाळी साहेब तणतणत शेडात आले. "माझी बदनामी चाललीय. पुसा सगळं."

"पुसतो की. त्याच हॉलात, तितक्याच लोकायसमोर माझं नाव घ्या."

"ते शक्य नाही."

"मग आमालाबी शक्य न्हाई."

साहेबांनी ते चिन्ह सोडून दिलं. मामांनी मात्र सोडलं नाही. रोज कुणी आलं की म्हणायचे, "साहेब काय सांगायलेत का कुठं?" हसून विचारायचे, पण ते ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. ते मला कळत होतं.

काही वर्षांनी त्यांना कावीळ झाली. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाले, "तो येईल बघा, म्या गेल्यावर. खुर्ची द्या त्याला. बोलू देऊ नका."

शोकसभेला साहेब खरंच आले. केस पांढरे, डोळे ओले, हातात लिहून आणलेला कागद. उभे राहिले आणि म्हणाले, "आज मला एक कबुली द्यायची आहे. तो खंड्या..."

मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "ऐकणारा गेला, साहेब! आता कुणाला सांगायलाव? बसा खाली."

साहेब बसले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. लोक मला अजून म्हणतात, बाई, मेल्यावर वैर संपतं. मला त्या माणसाची कीव आली का? काडीची नाही.