पेनड्राइव्हचा टाका

आमचे शिंपीकाका म्हणजे अतिशहाण्यांचे मेरुमणी. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकांची मापं त्यांनी लॅपटॉपमध्ये भरली आणि जुन्या वह्या रद्दीत घातल्या. मी त्यांना दहादा बजावलं, "काका, सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि ती घरी ठेवा."

प्रत त्यांनी काढली. पण घरी नेताना हरवेल म्हणून लॅपटॉपच्या पिशवीलाच आतून खिसा लावला आणि पेनड्राइव्ह त्यात दुहेरी टाक्याने शिवून टाकला. परवा भरदुपारी काका चहाला गेले आणि चोराने लॅपटॉपसकट ती पिशवीच उचलली.

मी कपाळावर हात मारला. "आता मापं कुठून आणणार?"

काका ताठ मानेने म्हणाले, "मापं गेली तर गेली. पण चोराच्या बापालाही तो टाका उसवता यायचा नाही!"