उतरता खांदा

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचीच ताईला सगळ्यात जास्त चीड होती. धाकटा भाऊ वळणावरच्या ट्रकखाली सापडून गेला, त्याला वर्ष होत आलं. तिचं त्याच्याशी असलेलं भांडण मात्र अर्धवट शिवलेल्या बाहीसारखं लोंबत राहिलं होतं. लोक यायचे, हळहळायचे, "किती गुणी हो पोरगा!" म्हणायचे. अशा वेळी ताई मशीन जोरात चालवायची. खडखडाटात ते बोलणं बुडालं तर बरंच.

वडील शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापायचं उंच टेबल, मागे खिडकीपाशी ताईचं मशीन आणि मध्ये काजं-बटणं करत बसलेली आई. टेबलाशी बाप आणि मुलगा, मशीनशी मुलगी, हे पोरगा पाळण्यात असतानाच ठरलेलं होतं. मोठी कात्री त्याची. नव्या कापडाचा शर्टही त्याचाच, आणि तो मास्तर जातीने माप घेऊन शिवणार. पोराचा उजवा खांदा किंचित उतरता, म्हणून ती बाजू वेगळी धरून कापणार. मग त्याला शर्ट घालायला लावणार, चार पावलं मागे सरणार आणि डोळे भरून बघत बसणार. ताईचे कपडे? ते ती स्वतःच शिवायची, उरल्यासुरल्या कापडातून. "तुला काय गं, तुला येतंय की," आई म्हणायची. ज्याला येतं त्याला मिळत नाही, हा कुठला न्याय? पण त्या घरात तोच चालायचा. ताई भावाला 'युवराज' म्हणे. तो हसायचा. हसायला त्याचं काय जात होतं?

बरं, युवराजांचा हात कात्रीवर कधी बसलाच नाही. कधी बाही आखूड, कधी बगल खोल. ताई शिवताना ते सगळं ओढूनताणून सावरून घ्यायची, आणि तयार कपडा हँगरला लावून मास्तर म्हणायचे, "हात बघा पोराचा!"

एकदा तिचं डोकं फिरलं. भावाने एका वकिलाचा काळा कोट बगलेत खोल कापला होता. तिने तो जसा कापला तसाच शिवला. उघडू देत एकदाचे बापाचे डोळे! वकिलाने हात वर केला मात्र, अख्खा कोट त्याच्या कानापर्यंत चढला.

"शिवताना लक्ष कुठे असतं तुझं?" मास्तर भर दुकानात ताईवर ओरडले. "पोराची मेहनत मातीत घातलीस!"

आणि पोरगा? तो खडू बोटांत फिरवत उभा राहिला. ब्र काढला नाही. त्या दिवसापासून ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. कधीतरी एकदा त्याला समोर बसवून चांगलं फैलावर घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण मध्येच तो ट्रक आला.

भाऊ गेल्यावर तिला वाटलं, आता तरी कात्री आपल्याकडे येईल. हे वाटणं काही फार शोभेचं नव्हतं, पण खरं होतं. रडली तीही. मोरीत नळ सोडून रडली. पण रडू आलं म्हणून हक्क सोडायचा असतो का? मास्तरांनी कात्री कुणालाच दिली नाही. स्वतःच कापत राहिले, आणि गिऱ्हाइकं एकेक करून परत येऊ लागली.

"मास्तर, हे बघा," कोर्टातला कारकून शर्टाचा उजवा खांदा चिमटीत धरून म्हणाला. "इथे ओढतंय, गळ्यापाशी गोळा होतंय. माझा खांदा मोडलाय की काय?"

"एकदा धुतला की बसेल," मास्तर म्हणाले.

नाही बसला. शर्ट दुकानात परत आला. मग व्यायामशाळेचा पहिलवान आला. त्याचे खांदे म्हणजे दोन कलिंगडं. त्याचीही तीच तक्रार, त्याच उजव्या बाजूला. तोही शर्ट टाकून गेला. शेवटी बेकरीवाला आला आणि शर्ट थेट ताईच्या मशीनवर टाकून म्हणाला, "काय ताई, शिवताना डुलकी लागते वाटतं हल्ली?"

ताईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर खडूला टोक काढण्यात गढले होते. पुन्हा तेच! चुकायचं टेबलाने आणि बोलणी खायची मशीनने!

बेकरीवाल्याची पाठ वळल्यावर तिने तो शर्ट उसवला. छातीचे दोन भाग एकावर एक ठेवले. हे दोन्ही भाग शिंपी घडीत धरून एकदमच कापतो, म्हणजे ते तंतोतंत जुळायला हवेत. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता. तिने कारकुनाचा शर्ट उसवला. तेच. पहिलवानाचा? तेच. हे हात थरथरल्याचं काम नव्हतं. एवढं व्हायला उजवा भाग मुद्दाम बाजूला घ्यावा लागतो, त्यावर वेगळी खूण करावी लागते आणि दुसऱ्यांदा कात्री चालवावी लागते.

उतरता खांदा कुणाचा, हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती.

दुपारची वेळ होती. तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तिन्ही शर्ट टेबलावर आपटले.

"बाबा, हे कुणाच्या मापाने कापलेत?"

"ज्याच्या त्याच्या."

"उजवा खांदा बघा."

मास्तरांनी बघितलं. बोट फिरवलं. मग खाली बसले. "मला कळलंच नाही गं," ते म्हणाले. "हातच तिकडे जातो."

"अगं, असू दे ना," आईने सुई खाली ठेवली. "म्हातारा माणूस. पोटचा पोर गेलाय."

"आणि मी कुणाच्या पोटची आहे, आई? शेजारणीच्या?" ताईचा आवाज चढला. "लोक मला बोलतात. वकिलाच्या कोटाच्या वेळीही मलाच बोलले. आठवतो का तो कोट?"

"आठवतो," मास्तर म्हणाले. त्यांनी शर्टाची बगल चाचपली. "तुझी शिलाई चुकली नव्हती. बगल चुकली होती. मला तेव्हाच दिसलं होतं."

ताईला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण मोकळ्या होऊ. कसलं काय! आग पायापासून डोक्यापर्यंत गेली. माहीत नव्हतं तोवर बाप आंधळा होता. आंधळ्यावर रागवून रागवणार किती? पण हा तर डोळस निघाला!

"दिसलं होतं? आणि तरी मला झापलंत?"

"तो पोर खचला असता गं. तू खचणारी नव्हतीस."

"हे कुणी ठरवलं? माप घेतलं होतंत का माझं?" ती टेबलापुढे ताठ उभी राहिली. "सांगा ना, आयुष्यभर लोकांचे खांदे बघितलेत. माझा कुठला खांदा उतरता आहे?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला.

"डावा," आई घाईने म्हणाली.

"नाही, उजवाच असेल," मास्तर पुटपुटले.

"एकही नाही! दोन्ही सरळ आहेत. जन्मापासून!"

बाहेर कुणीतरी शटर ठोकलं. "बंद आहे!" ताई ओरडली. ठोकणारा पळाला असावा.

आई उठली. इतकी वर्षं खाली मान घालून काजं करणारी ती बाई टेबलापाशी आली, मास्तरांच्या गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्याच हातात ठेवली. "घ्या माप," ती म्हणाली. "मीही कधी बघितलं नाही. आज बघते."

मास्तर उभे राहिले. ताईला हात झटकावेसे वाटले. माप घेतलं म्हणजे फिटलं की काय? पण ती उभी राहिली, सुटी न मिळालेल्या शिपायासारखी. टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. मास्तरांनी बाहीने डोळे पुसले.

"रडू नका," ती म्हणाली. "टेप भिजेल."

"सरळ आहेत गं," मास्तर म्हणाले. "अगदी सरळ."

"माहीत आहे मला. आता कात्री द्या."

त्यांनी कात्री दिली. मुठीकडून पुढे केली, जाणत्या कारागिराला देतात तशी.  एक शब्द जरी बोलले असते तर तिने ती फेकून मारली असती.

आता टेबलाशी ताई असते. मशीनशी मास्तर. नवं गिऱ्हाईक आलं की त्यांच्याकडे वळतं, आणि ते नुसती हनुवटी तिच्याकडे करतात. घर काही एका दुपारीत सुधारत नाही. आई अजून चुकून युवराजांची थाळी मांडते. पूर्वी ताई ती आदळून उचलायची. हल्ली कधीकधी त्यातच जेवते. भावावरचा राग मात्र आहे तसा आहे. कापताना ती अजून त्याला मनातल्या मनात शिव्या घालते, "बघ रे, बगल अशी कापायची!" पण एवढ्या शिव्या खाण्याइतका तो आता रोज दुकानात असतो, हेही खरंच.

परवा मास्तरांनी तिच्यासाठी जाकीट शिवून पुढे ठेवलं. नवं कापड, आतून अस्तर. तिने ते घातलं. मास्तर सवयीने चार पावलं मागे सरले आणि बघत राहिले. आईही काजं सोडून बघत राहिली.

ताईने हात वर केले, खाली केले, मान फिरवली.

"गळा आवळतोय," ती म्हणाली.

"असू दे, बसेल हळूहळू," आई म्हणाली.

"नाही बसणार. उसवा."

मास्तर हसले नाहीत, रुसलेही नाहीत. जाकीट मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले आणि चष्मा पुसून पहिला टाका तोडला.